डेटोनाची शर्यत : वीररस कीं भयानकरस?

रसनिष्पत्ति होते ती काव्यांत आणि नाटकांत; इतर व्यवहारांत होतो तो केवळ भावनांचा क्षोभ, असें मानण्याची आपल्या पंडितांची जुनी रीत आहे. ती सर्वस्वीं चुकीची आहे असें नाहीं. परंतु ज्या प्रसंगासाठीं लाखभर माणसें पैसे मोजून एकत्र जमतात, तीन-साडेतीन तास श्वास रोखून एकाच गोष्टीकडे पाहतात, आणि घरीं परतल्यावर चाळीस-चाळीस वर्षें तिच्या कथा मुलानातवंडांस सांगत राहतात, त्या प्रसंगांत रस नाहीं असें म्हणणें म्हणजे रसाची व्याख्या आपल्या सोयीनें आखडून घेणें होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा प्रांतांत, डेटोना बीच या गांवीं, दर वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत होणारी पांचशें मैलांची मोटारींची शर्यत हा असाच एक प्रसंग आहे. १९५९ पासून ती अव्याहत चालत आलेली आहे.

या शर्यतीविषयीं सुशिक्षितांत एक मत रूढ आहे. तें असें कीं, प्रेक्षक तेथें गाड्या पाहावयास जात नाहींत, अपघात पाहावयास जातात. अपघाताची शक्यता काढून घेतली तर तेथें चिटपांखरूंहि फिरकणार नाहीं. हें मत खरें असेल तर या खेळाचा आनंद हा सभ्य माणसानें लाज बाळगावी असा आनंद ठरतो. तें खोटें असेल तर मग त्या आनंदाचें खरें स्वरूप कोणतें हें सांगण्याची जबाबदारी आपणांवर येते. प्रश्न नीतीचा आहे तितकाच रसशास्त्राचाहि आहे. आणि आमच्या मतें त्याचें उत्तर तर्कानें शोधीत बसण्यापेक्षां या शर्यतीच्या इतिहासालाच विचारावें हें बरें.

आरंभ 'स्टॉक कार' या शब्दापासून करूं. 'स्टॉक' म्हणजे दुकानांत विक्रीसाठीं ठेवलेला माल. शर्यतीसाठीं मुद्दाम घडविलेलें यंत्र नव्हे, तर कोणाहि गृहस्थानें विकत घ्यावी आणि बायकामुलांस बसवून फिरावयास न्यावी अशी साधी मोटार, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. नॅस्कार या संस्थेनें अशा गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें भरविली, तेव्हां हा अर्थ किती काटेकोरपणें पाळला गेला हें पाहण्यासारखें आहे. ग्लेन डनवे याची फोर्ड गाडी सर्वांच्या आधीं पोहोंचली. परंतु तपासणींत तिच्या मागील स्प्रिंगा मुद्दाम ताठर केलेल्या आढळल्या. चोरटी दारू वाहून नेणारे लोक भारानें गाडी खचूं नये म्हणून असा फेरफार करीत. डनवेचा विजय रद्द झाला आणि जिम रोपर हा विजयी ठरला. गाडीच्या मालकानें न्यायालयांत दाद मागितली, पण ती त्यास मिळाली नाहीं.

हा नियम म्हणजे केवळ तांत्रिक हट्ट नव्हता. भट्टनायकानें ज्यास साधारणीकरण म्हटलें, त्याचें काम येथें त्या साध्या गाडीनें केलें. रंगभूमीवरील दुष्यंत हा हस्तिनापूरचा एक विशिष्ट राजा न राहतां प्रेक्षकाच्या स्वतःच्या प्रीतीचा वाहक बनतो, तेव्हांच शाकुंतलाचा आस्वाद शक्य होतो. त्याचप्रमाणें सकाळीं ज्या बनावटीच्या गाडींतून आपण प्रार्थनामंदिरांत गेलों, त्याच बनावटीची गाडी दुपारीं भरधांव धांवतांना पाहिली म्हणजे चालवणारा माणूस परका राहत नाहीं. तात्यासाहेब केळकरांनीं १९२१ मध्यें बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची जी उपपत्ति मांडली, तिचा येथें सहज प्रत्यय येतो. प्रेक्षक गाडीच्या चक्रापाशीं असतो, आणि त्याच वेळीं बांकावरहि असतो. दोन्हींपैकीं एकहि जागा तो सोडीत नाहीं.

आतां स्थळाकडे वळूं. डेटोनाजवळच्या किनाऱ्यावरील वाळू ओहोटीच्या वेळीं सडकेसारखी घट्ट असते. १९०३ पासून वेगाचे उच्चांक करावयास लोक या किनाऱ्यावर येत. १९३५ मध्यें माल्कम कॅम्बेल या इंग्रज गृहस्थानें तेथें ताशीं २७६ मैलांचा वेग गांठला. परंतु पुढें असे प्रयोग यूटा प्रांतांतील मिठाच्या विस्तीर्ण मैदानाकडे गेले आणि गांवाचें वैभव ओसरूं लागलें. तें टिकविण्यासाठीं १९३६ मध्यें अर्धी वाळूवरून आणि अर्धी मागील सडकेवरून अशी एक शर्यत काढण्यांत आली. तींत पांचवा आलेला बिल फ्रान्स हा गांवांतील एक मोटारदुरुस्ती करणारा कारागीर होता. याच माणसानें डिसेंबर १९४७ मध्यें डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलांत शर्यतवाल्यांची बैठक बोलाविली. तिच्यांतून १९४८ मध्यें नॅस्कार जन्मास आली. पुढें किनाऱ्यावर वस्ती वाढली, वाळूवरील शर्यत १९५८ मध्यें शेवटची झाली, आणि गांवाच्या आंतल्या बाजूस फ्रान्सनें अडीच मैल घेराचा नवा मार्ग बांधला. त्याच्या वळणांस ३१ अंशांचा उतार आहे. एवढ्या उतारावर माणसास धड उभेंहि राहवत नाहीं. हे उंच बांध घालण्यासाठीं मधल्या जागेंतील माती उपसली, आणि त्या खड्ड्याचें तळें झालें. तें अद्याप तेथें आहे.

या मार्गावरील पहिली पांचशें मैलांची शर्यत २२ फेब्रुवारी १९५९ रोजीं झाली. एकूण ५९ गाड्या सुटल्या. दोनशें फेऱ्यांच्या अखेरीस ली पेटी आणि जॉनी बोशँप यांच्या गाड्या, व शेजारीं एक फेरी मागें असलेल्या जो वेदर्लीची गाडी, अशा तिन्ही एका ओळींत रेषेवरून गेल्या. पंचांनीं बोशँपला विजयी म्हणून जाहीर केलें. पेटीनें हरकत घेतली. मग वृत्तपटांच्या फिती आणि छायाचित्रें मागविण्यांत आलीं, आणि तब्बल एकसष्ट तासांनंतर निर्णय फिरून विजय पेटीस मिळाला. अंतर होतें दोनएक फुटांचें! विशेष हें कीं, या शर्यतींत सावधानतेचा पिवळा बावटा एकदांहि दाखवावा लागला नाहीं. म्हणजे ज्या शर्यतीनें या उत्सवाची प्रतिष्ठापना झाली, जिच्याविषयीं तीन दिवस साऱ्या देशांत वाद चालला, तिच्यांत गाड्यांची चेंदामेंदी नव्हती. लोकांस वेड लागलें तें पुढें कोण, या एका प्रश्नाचें. मृत्यूची जिज्ञासा हाच या खेळाचा प्राण असता तर त्याचा पहिला अंक असा रंगलाच नसता.

या खेळास साहित्यांत प्रतिष्ठा मिळवून दिली ती टॉम वुल्फ यानें. व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं जन्मलेला आणि येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला हा लेखक. त्यानें मार्च १९६५ च्या 'एस्क्वायर' मासिकांत ज्युनिअर जॉन्सन या चालकावर एक दीर्घ लेख लिहिला आणि मथळ्यांतच त्यास 'शेवटचा अमेरिकन वीर' ही पदवी दिली. रविवारीं सकाळीं उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांतून शर्यतीकडे निघालेली गाड्यांची मैलोगणती रांग, तीवरचे भडक रंग, खेड्यांतील माणसांची बोली, जॉन्सनच्या घराण्याचा चोरट्या दारूचा धंदा, पोलिसांच्या नाकेबंदींतून तो गाडी कशी काढी, याचीं वुल्फनें केलेलीं वर्णनें वाचतांना शहरी वाचकास एका अज्ञात प्रदेशाचा दरवाजा उघडल्यासारखें वाटतें. त्याची भाषा उद्गारचिन्हांनीं आणि ध्वन्यनुकारी शब्दांनीं भरलेली आहे. कित्येकांस ती उथळ वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या विषयाचा अर्धा जीव आवाजांत आहे, त्याचें वर्णन शांत गद्यांत करूं जाणें हीच कृत्रिमता झाली असती. जे लोक विद्वानांच्या खिजगणतींतहि नव्हते त्यांच्याकडे वुल्फनें आदरानें पाहिलें, हें त्याचें मोठें श्रेय आहे.

तथापि त्याच्या चित्राचा तोल एका बाजूस गेला आहे. लेख वाचून संपविल्यावर वाचकाच्या मनांत उरतो तो कायद्यास हुलकावणी देणारा, जिवावर उदार झालेला जॉन्सन. जॉन्सन १९५६ मध्यें तुरुंगांत गेला होता हें खरेंच आहे, आणि १९८६ मध्यें राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं त्यास माफी दिली हेंहि सर्वश्रुत आहे. परंतु चक्रापाशीं बसलेल्या जॉन्सनचा मोठेपणा बेफिकिरींत नव्हता. तो पाहावयाचा असेल तर १९६० च्या डेटोनाच्या शर्यतीकडे जावें लागतें.

त्या वर्षीं जॉन्सनजवळ होती आदल्या वर्षाची शेव्हरोले. प्रतिस्पर्ध्यांच्या पाँटिअॅक गाड्या तिच्याहून स्पष्टपणें वेगवान होत्या. सरावांत त्याच्या ध्यानांत एक चमत्कारिक गोष्ट आली. एकटा असतां तो ज्या गाडीच्या जवळपासहि येत नसे, तिच्या अगदीं पाठीस चिकटून राहिलें म्हणजे तिच्याबरोबर सहज धांवतां येई. कारण उघड आहे. पुढची गाडी हवा फाडीत जाते, तिच्या मागें हवेचा दाब कमी असलेली एक पोकळी राहते, आणि त्या पोकळींत शिरलेल्या गाडीस थोड्या शक्तींत तोच वेग राखतां येतो. पुढच्या गाडीसहि याचा लाभ मिळतो; म्हणून दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षां अधिक वेगानें जातात. हें शास्त्र आज शाळकरी पोरहि सांगेल; पण या विशाल मार्गावर तें वापरून विजय मिळविणारा पहिला म्हणून जॉन्सनचेंच नांव घेतलें जातें. शर्यतीच्या अखेरीस पुढें असलेल्या बॉबी जॉन्सच्या गाडीची मागील कांच हवेच्या झोतांत निखळून उडाली, गाडी गरकन फिरली, आणि जॉन्सन पुढें गेला. सर्वांत वेगवान गाडी हरली आणि वाऱ्याचा स्वभाव ओळखणारा माणूस जिंकला.

येथें भरताचें स्मरण होतें. नाट्यशास्त्रांत वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे, आणि त्याच्या विभावांची गणना करतांना भरतानें असंमोह, अध्यवसाय, नय हे शब्द आधीं घातले असून पराक्रम मागाहून आणला आहे. असंमोह म्हणजे चित्ताची गोंधळून न जाण्याची स्थिति. अध्यवसाय म्हणजे निश्चय. नय म्हणजे नीति, डावपेंच. हा क्रम सहज पडला असेल. तरी तो फार मार्मिक आहे. आंधळें धाडस ही वीराची खूण नव्हे, तर ज्या ठिकाणीं सामान्य माणसाची बुद्धि भयानें थिजते त्या ठिकाणीं जो विचार करूं शकतो तो वीर, असें यांतून निष्पन्न होतें. डेटोनाच्या इतिहासांतील ज्या कथा लोकांनीं जिवापाड जपल्या आहेत त्या तपासून पाहाव्या. त्या या कसोटीस उतरतात.

उदाहरणार्थ १९७६ ची शर्यत घ्या. शेवटच्या फेरींत रिचर्ड पेटी आणि डेव्हिड पिअर्सन यांच्या गाड्या अखेरच्या वळणाबाहेर पडतांच एकमेकींवर आदळल्या, भिंतीवर गेल्या आणि गरगरत गवतांत येऊन पडल्या. पेटीचें इंजिन बंद पडलें. रेषा समोर दिसत असतां गाडी हलेना. पिअर्सननें मात्र त्या गिरक्यांतच क्लच दाबून धरून आपलें इंजिन चालू ठेवलें होतें. पुढचा भाग चेंबलेली ती गाडी ताशीं वीसएक मैलांच्या वेगानें, बैलगाडीसारखी कुरकुरत, रेषेपलीकडे गेली आणि जिंकली. साऱ्या इतिहासांतील सर्वांत आवडता असा हा शेवट, आणि तो सर्वांत मंद वेगाचा! प्रेक्षक अपघाताला भुलले असें म्हणावें तर अपघात दोघांचाहि सारखाच होता. लोक आजहि सांगतात तें पिअर्सनच्या डाव्या पायाविषयीं. यालाच भरत असंमोह म्हणतो.

आणि १९६३ ची कथा तर दयावीराची आहे. शर्यतीपूर्वीं कांहीं दिवस मार्विन पँच हा चालक त्याच मार्गावर दुसऱ्या एका गाडीची चांचणी घेत असतां गाडी उलटून पेटली. टायनी लुंड हा धिप्पाड चालक आणि त्याच्याबरोबरचे आणखी कांहीं जण ज्वाळांत शिरले आणि त्यांनीं पँचला बाहेर ओढलें. लुंडजवळ त्या वर्षीं शर्यतीसाठीं गाडीच नव्हती. रुग्णालयांतून पँचनें आपली गाडी लुंडला द्यावी अशी मालकांस विनंति केली. त्यांनीं ती मानली, आणि त्या गाडींत बसून लुंडनें डेटोना जिंकली. कादंबरीकारानें हें कथानक रचलें असतें तर आम्हीं टीकाकारांनींच त्यास योगायोगाचा अतिरेक म्हणून दोष दिला असता.

येथवर एक बाजू झाली. पूर्वपक्षाचें म्हणणें अजून संपलेलें नाहीं. १८ फेब्रुवारी १९७९ रोजीं ही शर्यत प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत दूरचित्रवाणीवर साऱ्या देशास जशीच्या तशी दाखविण्यांत आली. पूर्वेकडील प्रांतांत मोठी हिमवृष्टि होऊन लोक घरांत अडकले होते. त्यामुळें ज्यांनीं हा खेळ कधीं पाहिला नव्हता त्यांनींहि तो पाहिला. शेवटच्या फेरींत केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन हे आघाडीचे दोघे परस्परांस धडका देत भिंतीवर गेले, मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला, आणि इकडे गवतांत यारबरोची ॲलिसन बंधूंशीं हातघाई जुंपली. या खेळाच्या देशव्यापी लोकप्रियतेचा उगम याच दिवसांत दाखविण्याची प्रथा आहे. तेव्हां लोकांस भांडण आणि मोडतोड आवडते हें सिद्ध झालें ना? आमचें उत्तर असें कीं, त्यांस क्षणभर रौद्र आवडला हें खरें. पण रौद्र तेथें संचारी होता, स्थायी नव्हे. मारामारी पाहून जे आले ते मारामारीसाठीं राहिले नाहींत. कारण पुढच्या वर्षीं ती त्यांना मिळालीहि नाहीं.

याहून कठीण प्रश्न वेगाचा आहे. १९८७ मध्यें बिल एलियट यानें डेटोनाच्या पात्रताफेरींत ताशीं २१० मैलांचा वेग गांठला. त्याच वर्षीं मे महिन्यांत टॅलाडेगा येथें बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढील जाळीवर गेली. थोडक्यांत अनर्थ टळला. तेव्हां १९८८ पासून या दोन्ही मार्गांवर इंजिनास मिळणारी हवा एका छिद्रांच्या पट्टीनें मर्यादित करण्यांत आली. वेग उतरला, परंतु सर्वांची शक्ति सारखी झाल्यानें गाड्या तीस-तीस, चाळीस-चाळीसच्या थव्यांनीं एकमेकींस चिकटून धांवूं लागल्या, आणि एकाची चूक वीस जणांना भोंवूं लागली. एक धोका कमी करतांना दुसरा निर्माण झाला. या थव्यांचें चित्र जाहिरातींत मोठ्या हौसेनें दाखविण्यांत येऊं लागलें. पूर्वपक्षाच्या हातांतील सर्वांत बळकट पुरावा हाच आहे, आणि या बाबतींत चालकांस दोष न देतां चालकांच्या संकटाची जाहिरात करणारांसच दोष दिला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

या सर्वांचा निवाडा १८ फेब्रुवारी २००१ रोजीं झाला. डेल अर्नहार्ट हा त्या काळचा सर्वांत दरारा असलेला चालक. सात वेळां वार्षिक अजिंक्यपद मिळवूनहि डेटोनाची ही शर्यत त्याच्या हातून वीस वर्षें निसटत राहिली होती. १९९८ मध्यें विसाव्या प्रयत्नांत तो जिंकला, तेव्हां प्रतिस्पर्ध्यांच्या पथकांतील माणसें रांग धरून त्याचा हात हातांत घेण्यास उभीं राहिलीं. २००१ मध्यें अखेरच्या फेरींत तो तिसरा होता. पुढें असलेल्या दोन्ही गाड्या त्याच्याच मालकीच्या होत्या. एकींत मायकेल वॉल्ट्रिप, दुसरींत त्याचा स्वतःचा मुलगा. शेवटच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. पाहणारास तो अपघात फारसा भयंकर वाटला नाहीं. पण कवटीच्या तळाशीं झालेल्या इजेनें अर्नहार्ट मरण पावला. ४६२ शर्यतींनंतर आयुष्यांतला पहिला विजय मिळविणारा वॉल्ट्रिप इकडे ज्याच्या गाडींत आपण जिंकलों त्या मालकाची वाट पाहत उभा होता.

प्रेक्षक मरण पाहावयास जातात हें मत खरें असतें तर हा दिवस त्या खेळाच्या रसोत्कर्षाचा दिवस ठरला असता. घडलें तें उलट. संध्याकाळीं वार्ता फुटली आणि सारा देश सुन्न झाला. पुढील शर्यतींत तिसऱ्या फेरीस हजारों माणसें मूकपणें तीन बोटें उंचावून उभीं राहूं लागलीं, कारण त्याच्या गाडीचा क्रमांक तीन होता. वध रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नये असा जो दंडक आपल्या नाट्यशास्त्रानें घातला, त्याचें कारण नुसती कोमल अभिरुचि हें नसावें. प्रत्यक्ष मरण समोर आलें म्हणजे 'सविकल्प' अवस्थेंतला विकल्पच नाहींसा होतो. प्रेक्षक प्रेक्षक राहत नाहीं, आणि रसाच्या जागीं निव्वळ शोक उरतो. त्या दिवशीं डेटोनास झाला तो रसभंग होता.

याच्या पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. २००० च्या मे महिन्यापासून मोजलें तर नॅस्कारच्या प्रमुख मालिकांत मेलेला अर्नहार्ट हा चौथा चालक होता. मान आणि डोकें जखडून ठेवणारें एक साधन मिशिगन स्टेट विद्यापीठांतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्याचा मेहुणा जिम डाउनिंग यांनीं फार पूर्वींच तयार केलेलें होतें. पण अडचण होते म्हणून बहुतेक चालक तें घालीत नसत, आणि अर्नहार्टनेंहि तें घातलें नव्हतें. ऑक्टोबर २००१ मध्यें असें साधन सक्तीचें झालें. भिंतींपुढें पोलादाचे आणि फेसाळ पदार्थाचे आघात शोषणारे अडसर बसले. पुढील वीस वर्षांत या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतींत एकहि चालक मेला नाहीं. २०२० मध्यें रायन न्यूमनची गाडी डेटोनाच्याच शेवटच्या फेरींत उडून छपरावर आदळली. दोन दिवसांनीं तो आपल्या दोन मुलींचे हात धरून रुग्णालयांतून चालत बाहेर पडला. तें छायाचित्र लोकांनीं विजेत्याच्या छायाचित्राहून अधिक आवडीनें पाहिलें असावें.

कोणी म्हणेल, मग २००६ च्या सुमारापासून या खेळाचे प्रेक्षक घटले तें कां? डेटोनासहि मागील बाजूचीं आसनें काढून टाकावीं लागलीं ना? घट झाली ही गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं. परंतु सुरक्षिततेचे नियम आल्याबरोबर ती आली नाहीं. ती आली कांहीं वर्षांनंतर, २००८ ची मंदी, अजिंक्यपदाच्या नियमांतील वारंवार केलेले बदल, आणि सर्व गाड्या एकाच सांच्यांतून काढल्यासारख्या करणारी नवी रचना, या सर्वांच्या बरोबरीनें. या शेवटच्या कारणास आम्ही विशेष महत्त्व देतों. आज डेटोनास धांवणाऱ्या गाडींत दुकानांतल्या गाडीचें नांव आणि बाह्य आकार यांखेरीज फारसें कांहीं उरलेलें नाहीं. साधारणीकरणाचा जो दुवा १९४९ मध्यें एवढ्या निष्ठेनें जपला गेला, तो सैल झाला. प्रेक्षकाची भीति कमी झाली म्हणून नव्हे, त्याची ओळख हरवली म्हणून त्याचें मन उडालें. आणि तरीहि डेटोनाच्या या एका शर्यतीचीं तिकिटें अलीकडच्या वर्षांत आगाऊ संपत आलीं आहेत.

तेव्हां वुल्फच्या लेखाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा : त्यानें वीर अचूक ओळखला, पण वीराचा गुण चुकीच्या ठिकाणीं शोधला, आणि 'शेवटचा' हा शब्द तर इतिहासानेंच खोटा ठरविला आहे. राहिला प्रश्न प्रेक्षकाच्या नीतीचा. या आनंदाचा स्थायीभाव उत्साह आहे, भय नव्हे, एवढें आम्हीं दाखविण्याचा यत्न केला. परंतु तेवढ्यानें प्रेक्षकाची सुटका होत नाहीं. वीररसाचा आस्वाद निर्दोष राहतो तो वीर जिवंत घरीं जावा अशी प्रेक्षकाची मनापासून इच्छा असेल तोंवरच; आणि इच्छा खरी असेल तर ती तिकिटाच्या पैशांतून, नियमांच्या आग्रहांतून, जाहिरातींविषयींच्या नापसंतींतून व्यक्त झाली पाहिजे. हबर्डचें साधन सक्तीचें होण्यास एका वीराचें मरण लागलें. तें मरण घडण्यापूर्वींच त्या साधनाची मागणी ज्यांनीं करावयास हवी होती, त्यांत बांकावर बसलेले लाखभर लोकहि होते.